केसपेपरवर न येणारं दुखणं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा केसपेपर बघता बघता जाड होतो. जन्मवजन किती होतं, बाळ कधी रडलं, किती दिवस काचेच्या पेटीत होतं, कावीळ किती चढली, एमआरआयमध्ये काय दिसलं, फिट्स कोणत्या औषधाने आटोक्यात आल्या, टाच टेकते का, स्प्लिंट कधी बदलायचं, हे सगळं त्यात तारीखवार सापडतं. रात्री या मुलाला कूस बदलून द्यायला कोण उठतं, त्या माणसाला सलग किती तास झोप मिळते, त्याची कंबर कधीपासून दुखते, घरातल्या कुणी नोकरी सोडली, हे लिहायला मात्र त्या कागदावर रकानाच नसतो. मूल म्हणजे रुग्ण, डॉक्टर आणि थेरपिस्ट म्हणजे उपचार करणारे आणि आईवडील म्हणजे मुलाला आणणारे-नेणारे, असा हिशेब आपण मनाशी पक्का केला आहे. आयुष्यभर सोबत राहणाऱ्या या अवस्थेत तो हिशेब चुकतो. घरातल्यांची झोप, पाठ, पैसा आणि मन हे उपचाराचंच अंग आहे. तिकडे दुर्लक्ष झालं की मुलाच्या उपचारालाही गळती लागते. ती गळती थांबवण्याचं काम आईच्या मायेवर सोडून देता येणार नाही, ते व्यवस्थेने अंगावर घ्यायला हवं, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी या अवस्थेविषयी थोडं. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, वाढत्या मेंदूला इजा होते आणि शरीराच्या हालचालींवरचा, तोलावरचा ताबा बिघडतो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण शरीर वाढत जातं, स्नायू आखडतात, सांधे सरकतात, त्यामुळे घरासमोरचे प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नवं रूप घेतात. भारतात हजार जन्मांमागे साधारण तीन मुलांना ही अवस्था असते, असा अंदाज उपलब्ध अभ्यासांवरून निघतो. त्यातलं एखादं मूल थोडं लंगडत शाळेत जातं, तर एखाद्याला मानही धरता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून मांडलेलं चित्र असं : चारांपैकी तीन मुलांना वेदना असतात, निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, तिघांतल्या एकाला चालता येत नाही, चौघांतल्या एकाला बोलता येत नाही, चौघांतल्या एकाला फिट्स येतात आणि पाचांतल्या एकाला झोपेचा विकार असतो. याचा अर्थ, निम्म्या मुलांची बुद्धी शाबूत असते. हात साथ देत नाही, जीभ वळत नाही, म्हणून ‘त्याला काही कळत नाही’ असं लोक ठरवून टाकतात. घरच्यांच्या मनस्तापातला मोठा वाटा या गैरसमजाचा असतो.

बाहेरून ‘मुलाला सांभाळणं’ एवढंच दिसतं. ते किती कामांनी बनलेलं असतं हे कळायला एक जेवण पुरेसं आहे. आठ-नऊ वर्षांचं, ताठर अंगाचं, मान न धरणारं मूल घ्या. त्याला मांडीवर आडवं घेऊन भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून खुर्चीत कुल्ले अगदी मागे टेकवायचे, छातीला पट्टा लावायचा, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत आणि एका हाताने हनुवटी किंचित खाली धरून ठेवायची. चमचा धातूचा चालत नाही, कारण तोंडाला लागताच जबडा कचकन मिटतो. वरणभात मऊ कालवायचा, पण पातळ करायचा नाही. पाण्याची तर जास्तच धास्ती. ते झर्रकन घशात उतरतं आणि ठसका लागतो. जीभ निम्मा घास बाहेर ढकलते, तो पुसून पुन्हा भरवायचा. गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा घास. एका वाटीला पाऊण तास लागतो आणि दिवसातून असं तीन-चारदा. याच वेळात पोळ्या लाटायच्या असतात, धाकट्याचा डबा भरायचा असतो, पाणी जायच्या आत साठवायचं असतं. पुढच्या खेपेला वजन भरलं नाही की दवाखान्यात विचारतात, ‘नीट खाऊ घालत नाही का?’ घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला तरी प्रश्न तोच. आंघोळ, शी-शू, कपडे, व्यायाम आणि रात्रीची कूस यांचा हिशेब असाच मांडला, तर दिवसाचे चोवीस तास आधीच खर्ची पडलेले दिसतात.

या ओझ्याचा काळजी घेणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचं एक पद्धतशीर मोजमाप कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झालं. तिथे 468 कुटुंबांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2004 आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. इतर पालकांच्या तुलनेत या पालकांमध्ये पाठदुखी, अर्धशिशी, पोटातले अल्सर आणि मानसिक ताण जास्त आढळला. शिक्षण सारखं असूनही त्यांचं उत्पन्न कमी होतं आणि पूर्णवेळ नोकरीचं प्रमाणही. पालकांचं स्वास्थ्य कशावर अवलंबून असतं, याचं उत्तर जास्त महत्त्वाचं निघालं. अपंगत्व जितकं तीव्र तितकी आई खचलेली, असं सरळ गणित मिळालं नाही. रोजच्या काळजीचा भार, मुलाच्या वागण्यातल्या अडचणी आणि घरातल्यांचं आपसात कितपत जमतं, या तीन गोष्टी सर्वांत वजनदार ठरल्या. कॅनडा श्रीमंत देश, तिथलं इथे कशाला, असं कुणी म्हणेल. पण 2000 मध्ये बांगलादेशातल्या मातांवर झालेला अभ्यासही जवळपास याच जागी पोहोचला होता. तिथेही आईच्या ताणाचा सर्वांत बळकट दुवा मुलाच्या वागण्यातल्या अडचणींशी, विशेषतः काळजीचं काम वाढवणाऱ्या अडचणींशी निघाला. यातून हाती येणारी गोष्ट आशेची आहे. मेंदूतली इजा पुसता येत नाही, पण भार कमी करता येतो आणि घरातले संबंध सावरता येतात.

वागण्याच्या अडचणींची नीट उकल केली तर पुष्कळदा मुळाशी दुखणं सापडतं. या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांचं खुब्याचं हाड हळूहळू खोबणीतून सरकतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हे प्रमाण 35 टक्के होतं आणि मूल जितकं कमी हालचाल करू शकतं तितका धोका वाढतो. बोलता न येणारं मूल ‘दुखतंय’ असं सांगू शकत नाही. ते रडतं, अंग ताठ करतं, कपडे बदलू देत नाही, रात्रभर झोपत नाही. घरात त्याला ‘हट्टी’ म्हणतात, शेजारी ‘लाडावलंय’ म्हणतात, कुणी दृष्ट काढायला सांगतं. ठरावीक काळाने खुब्याचा साधा एक्स-रे काढला तर हे सरकणं वेळेत कळतं आणि उपाय करता येतो. तो निघाला नाही तर मुलाची वेदना आईच्या निद्रानाशात उतरते आणि आईचा निद्रानाश दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीत. मुलाचा उपचार आणि घराचं स्वास्थ्य एकमेकांत असे गुंतलेले असतात. एकाची फाईल वेगळी, दुसऱ्याची वेगळी, असं होत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. साधनं तुटपुंजी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणीही थेरपिस्ट पुरेसे नाहीत. अशा वेळी मुलाचं आधी बघायचं की आईच्या मनाचं? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोघांचं हित परस्परविरोधी आहे असं गृहीत धरलेलं आहे. युरोपातल्या ‘स्पार्कल’ या मोठ्या अभ्यासाने ते गृहीतक मोडलं. त्यात 8 ते 12 वर्षांच्या 500 मुलांनी आपल्या आयुष्याविषयी स्वतः उत्तरं दिली. बहुतेक बाबतीत त्यांचं समाधान इतर मुलांइतकंच निघालं. चालता न येणारी मुलं दुःखीच असणार, हा मोठ्यांचा समज होता. समाधान कमी करणारी गोष्ट होती वेदना. हीच मुलं 13 ते 17 वर्षांची झाल्यावर पुन्हा विचारलं गेलं; 2015 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत दिसलं की लहानपणी ज्यांच्या पालकांवर ताण जास्त होता, त्यांचं किशोरवयातलं समाधान कमी होतं. आईचा ताण आज हलका करणं हा मुलाच्या पुढच्या आयुष्याचा उपचार ठरतो. साधनं कमी आहेत म्हणूनच ती जिथे दुहेरी उपयोगाची ठरतील तिथे लावायला हवीत.

दुसरा आक्षेप थेरपिस्टांचा. पालकांवरचा भार कमी करा म्हणायचं, तर व्यायाम सुटतील, स्नायू आखडतील, मग शस्त्रक्रियेची वेळ येईल. ही भीती खोटी नाही. ताठर स्नायूंकडे दुर्लक्ष परवडत नाही. पण गोळाबेरीज करून बघा. फिजिओ सांगतो सकाळ-संध्याकाळ तासभर ताण द्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचे व्यायाम देतो, स्पीच थेरपिस्ट तोंडाचे, शाळा अभ्यास देते, आणि या सगळ्यांची बेरीज कुणीच करत नाही. ती करावी लागते एकट्या आईला, आणि रोज काहीतरी राहून गेल्याची टोचणी तिच्या वाट्याला येते. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत पालकांनी स्वतः निवडलेली उद्दिष्टं घेऊन घरी सराव करून घेतला. पालकांनी सरासरी महिन्यातून साडेसतरा वेळा, दर वेळी सुमारे साडेसोळा मिनिटं सराव घेतला आणि तेवढ्यावर मुलांच्या कामात फरक पडला. चाचणी लहान होती, 36 मुलांची. पण दिशा स्पष्ट आहे. ‘रोज दोन तास’ हा आकडा कुठल्या पुराव्यातून आला, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. शर्टात हात घालताना खांद्याला दिलेला ताण, चमचा धरताना केलेला मनगटाचा सराव, गुडघा सरळ ठेवणारा गेटर बांधून, उभं ठेवून ऐकवलेली गोष्ट, अशी थेरपी दिवसाच्या कामात मिसळली की ती टिकते. कॅनडातल्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेल्या विचारात कार्यक्षमता आणि तंदुरुस्तीच्या रांगेतच कुटुंब, मजा, मित्र आणि भविष्य यांनाही जागा दिली, ती याच जाणिवेतून.

या टोचणीवर एक बाजारही उभा आहे. आपण पुरेसं करत नाही असं वाटणारा पालक ‘खात्रीशीर इलाज’ या शब्दांना लवकर बळी पडतो. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या उपचाराची कॅनडात 111 मुलांवर चाचणी झाली, 2001 मध्ये तिचा अहवाल आला. ऑक्सिजन घेतलेली मुलं सुधारली आणि किंचित दाबाची साधी हवा घेतलेली मुलंही तेवढीच सुधारली. स्टेम सेल उपचाराबद्दल भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावलं आहे, की रक्ताचे विकार वगळता तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देऊ नये. तरीही घरं दागिने मोडून, जमीन गहाण टाकून अशा इलाजांकडे वळतात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मूल जन्मल्यावर कुणीतरी अर्धा तास बसून नीट समजावलं असतं, पुढे काय होईल आणि काय होणार नाही हे सांगितलं असतं, तर यातली पुष्कळ घरं वाचली असती.

तिसरा युक्तिवाद आपल्या संस्कृतीच्या नावाने होतो. आपल्याकडे घर असतं, आजी असते, काकू असते. परदेशासारखा एकटेपणा आपल्याकडे नाही. काही घरांत हे खरं आहे आणि तिथे मूल अंगाखांद्यावर वाढतं. पण त्याच घरातून ‘आमच्या सात पिढ्यांत असं नव्हतं’ हे वाक्यही येतं. ग्रहण पाळलं नसेल, पपई खाल्ली असेल, मागच्या जन्मीचे भोग असतील, असा दोष सुनेच्या माथी येतो. वैद्यकशास्त्राने हा दोष कधीच काढून टाकला आहे. विल्यम लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1861-62 मध्ये अवघड प्रसूतीशी या अवस्थेचा संबंध जोडला. पुढे 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने लक्षात आणून दिलं की प्रसूती अवघड होणं हेच कधी कधी आधीच्या बिघाडाचं लक्षण असू शकतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जंतुसंसर्ग, तीव्र कावीळ, प्राणवायू कमी पडणं अशी कारणं अनेक आहेत आणि कित्येक मुलांत नेमकं कारण हाती लागतच नाही. राहिला प्रश्न हातभाराचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, तर ते करणारे पुरुष 97 मिनिटं. सर्वसाधारण घरांचं हे चित्र असेल, तर ज्या घरात काळजीचं काम कैक पटींनी वाढतं तिथे ते कुणाकडे जातं, हे सांगायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही. बाप कमावतो, कर्जाचे हप्ते भरतो, आतल्या आत कुढतो. त्याचं दुःखही कुणी विचारत नाही, पण कूस बदलायला तो उठत नाही हेही खरं. भावंडं वयाआधी शहाणी होतात आणि त्या शहाणपणाचं कौतुकच फक्त होतं.

कौतुकाचा मुद्दा इथेच संपवू. अशा आईला आपण ‘त्यागमूर्ती’ म्हणतो, मातृदिनाला तिचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. यात चुकीचं काय, असं विचारलं जातं. अनेक आया मनापासून सांगतात की या मुलाने आम्हाला घडवलं, त्याच्या हसण्यात आमचा दिवस उजाडतो. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं मानायला हवं. आनंद आणि थकवा एकाच माणसात नांदू शकतात. पण त्यागाची स्तुती करणारा समाज त्या त्यागाची गरज कमी करण्याच्या जबाबदारीतून सुटतो. देवी ठरवलेल्या बाईला ‘मला आठवड्यातून दोन तास मोकळे हवेत’ असं म्हणायची सोय उरत नाही. ते म्हटलं की ती देवीपदावरून उतरते आणि ‘कसली आई’ ठरते.

घराबाहेरून आधार आला की काय बदलतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीला, मालिनी चिब यांना, इथे शिकायला जागा नव्हती म्हणून. मालिनी चिब यांनी पुढे पदव्या मिळवल्या आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. या उदाहरणातून ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ असा धडा काढायचा मोह होतो. खरा धडा संस्थेचा आहे. शाळा उभी राहिली की मुलाला शिक्षण मिळतं आणि आईला दिवसातले चार-पाच तास परत मिळतात. तिला दुसऱ्या आया भेटतात, ज्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 ने 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण शाळेत रॅम्प नसेल, शी-शूला मदतनीस नसेल, तर आईलाच शाळेच्या पायरीवर दिवसभर बसून राहावं लागतं. तिथे मुलाचा हक्क कागदावर पुरा होतो आणि आईचा दिवस जातो.

आता पैशाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यातली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं मूल लवकर शोधायला उपयोगी आहेत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा नावानिशी समावेश आहे आणि त्याखालच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं, थेरपीसकट. आयकराच्या जुन्या प्रणालीत 75 हजारांची, तीव्र अपंगत्वात सव्वा लाखाची वजावट आहे. पण ती ज्याला कर भरावा लागतो त्यालाच. आईने नोकरी सोडल्याने बुडालेला पगार, रिक्षाचं भाडं, वडिलांचे खाडे यांची भरपाई यातल्या कशातच नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात अपंग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा मिळणं हा घटनात्मक मुद्दा आहे असं बजावलं. तो निकाल मोलाचा आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या आईला रजा नावाची गोष्टच नसते.

तिच्यासाठी कायद्यात एक ओळ आहे. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. केरळ ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून काळजी घेणाऱ्यांना दरमहा 600 रुपये देतं. कर्नाटकाने 2024-25 च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सीसह काही अवस्थांमधल्या काळजीवाहकांसाठी दरमहा 1000 रुपये जाहीर केले. रक्कम तोकडी आहे, पण काळजी हे काम आहे हे सरकारने त्यातून मान्य केलं. मायेला पैशात मोजायचं का, हा शेवटचा आक्षेप. माया मोजायची नाहीच. मोजायचे आहेत ते तास, जे आज कुणीही मोजत नाही. गैरवापर होईल म्हणावं, तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची, युडीआयडी कार्डाची यंत्रणा आधीच आहे. ‘आमच्या माघारी याचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक घरात रात्री विचारला जातो. त्याचं पूर्ण उत्तर आज कुणाकडेच नसेल, पण ‘आम्ही असताना आमचं काय?’ याचं उत्तर द्यायला काय हवं ते ठाऊक आहे : निदानाच्या वेळी समुपदेशन, सगळ्या थेरपीची एकत्र आखणी, ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे, तालुक्याच्या ठिकाणी पालकगट, महिन्यातून काही दिवस मूल विश्वासाने ठेवता येईल अशी जागा आणि काळजीवाहू भत्ता. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्या विभागाने येत्या अर्थसंकल्पात कलम 24 मधला हा भत्ता मागून घ्यावा, आणि वाचकांनी आपल्या आमदाराला त्याबद्दल विचारावं.